शिगम्याचा रथ, विहिरीची कप्पी आणि माझी सही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

यंदा आमच्या तालुक्यातल्या शिगम्याच्या मिरवणुकीत एका मंडळाने इन्क्विझिशनवर, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या धर्मन्यायालयावर, चित्ररथ आणला होता. रोमटामेळ पुढे सरकले, ढोल जरा लांब गेले आणि तो रथ नेमका आमच्यासमोर येऊन थांबला. वर माणसाच्या उंचीची लोखंडी पेटी उभी, तिच्या दाराला आतून वीतभर लांबीचे खिळे, आत लाल रंगाने माखलेला एक पोर आणि शेजारी काळ्या झग्यातला पाद्री. पाद्री दार लोटायचा, ध्वनिक्षेपकातून किंकाळी यायची, लोक मोबाईल उंच करायचे. पोरांनी कित्येक रात्री जागून केलेले काम होते, कारागिरीला नाव ठेवायला जागा नव्हती. माझा नऊ वर्षांचा नातू माझे बोट घट्ट धरून उभा होता. त्याने विचारले, "आजोबा, आपल्याकडे असं करायचे?" ढोलांच्या गजरात मी "हो" म्हणून मोकळा झालो.

घरी आल्यावर ते "हो" मला टोचू लागले. ती पेटी आपल्याकडे कधीच नव्हती. जे होते ते मला फार जवळून ठाऊक आहे. मी जवळजवळ तीस वर्षे गोव्यातल्या सरकारी आरोग्य केंद्रांत वैद्यकीय अधिकारी होतो. नातवाला जे सांगायला हवे होते ते आधी आपल्या वाचकांना सांगतो.

त्या पेटीला ‘आयर्न मेडन’ म्हणतात, म्हणजे लोखंडी कुमारिका. जर्मनीत न्युरेम्बर्ग शहरात १५१५ साली एका गुन्हेगाराला तिच्यात कोंडून मारले, अशी कथा आहे. पण ती लिहिली गेली थेट अठराव्या शतकाच्या अखेरीस, घटना घडली म्हणतात त्यानंतर पावणेतीनशे वर्षांनी. मध्ययुगात अशी पेटी कोणी वापरल्याचा विश्वासार्ह पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. न्युरेम्बर्गची गाजलेली पेटी दुसऱ्या महायुद्धाच्या बॉम्बफेकीत गेली, तीही मध्ययुगातली नव्हे, एकोणिसाव्या शतकातली जोडाजोड होती. ज्या १८९३ साली विवेकानंद शिकागोला बोलले, त्याच वर्षी त्याच शहराच्या जागतिक प्रदर्शनात अशी एक पेटी मांडली होती आणि लोकांनी ती बघायला गर्दी केली होती. तोंडात घालून स्क्रू फिरवून फुलवायचे लोखंडी ‘नासपती’ संग्रहालयांत दाखवतात, त्याचीही तीच गत. तसे छळासाठी वापरल्याची खात्रीलायक नोंद नाही. ही साधने बनवणारे आणि बघणारे लोक पुढच्या काळातले. आपले पूर्वज किती रानटी होते आणि आपण किती सुधारलो, हे त्यांना बघायचे होते.

खरे साधन बघायचे असेल तर आमच्या परसातल्या विहिरीवर यावे. दोर, कप्पी आणि घागरभर पाणी.

गोव्यात इन्क्विझिशन १५६० साली आले. मधली १७७४ ते १७७८ ही चार वर्षे सोडली तर ते १८१२ पर्यंत टिकले. जुन्या गोव्यात से कॅथेड्रलजवळ आदिलशाहीच्या वेळचा वाडा होता, त्यात न्यायालयही होते आणि कोठड्याही. लोक त्याला ‘व्हडलें घर’ म्हणत. पोर्तुगीज इन्क्विझिशनची नेहमीची साधने दोन, ‘पोत्रो’ आणि ‘पोले’. पोत्रो म्हणजे लाकडी बाक. त्यावर माणसाला निजवून हातापायांना दोऱ्या बांधायच्या आणि दोरीत काठी घालून पीळ द्यायचा. पोले म्हणजे कप्पी. हात पाठीमागे बांधायचे, दोर छताच्या कप्पीतून ओवायचा, माणसाला वर ओढायचे, मग दोर एकदम सैल सोडून जमिनीला पाय लागायच्या आत हिसका देऊन थांबवायचे.

खांद्याचा सांधा असा मागून वर ओढला की काय होते ते मी सांगू शकतो. माणसाचे सगळे वजन ज्या बाजूने सांधा कधी वळतच नाही त्या बाजूने त्यावर येते. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा ताणला जातो. वाचला तर पुढे कित्येक महिने हात डोक्यापर्यंत जात नाही, केस विंचरता येत नाहीत, पाठीवरचे खांद्याचे पाते पाखराच्या पंखासारखे बाहेर येते. बाहेरून जखम बहुधा दिसतच नाही, आणि म्हणूनच ही पद्धत शेकडो वर्षे टिकली. १२५२ साली पोप चौथे इनोसंट यांनी पाखंड्यांच्या चौकशीत छळाला मुभा दिली तेव्हा अट घातली होती की अवयव निकामी होऊ नये आणि जीव जाऊ नये. अट पाळायची म्हटल्यावर खिळ्यांची पेटी उपयोगाचीच नाही. लागतो तो दोर.

अट पाळली जाते की नाही हे कोण बघणार? डॉक्टर. लिस्बनच्या नियमांप्रमाणे छळाच्या वेळी खोलीत न्यायाधीश असत, कारकून असे आणि वैद्य व शल्यवैद्यही असत. कैद्याचे शरीर कितपत सोसेल हे वैद्याने सांगायचे, कैदी काय ओरडला ते कारकुनाने उतरवून घ्यायचे. कबुली दिली तर छळाच्या खोलीबाहेर नेऊन ती पुन्हा वदवून घ्यायची आणि ‘स्वखुशीने दिली’ असे नोंदवायचे. हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. का, ते पुढे सांगतो.

त्या वाड्याच्या कोठडीत एक परदेशी वैद्य कैदी होता. शार्ल देलाँ, फ्रेंच. १६७३ साली त्याला दमणमध्ये पकडून गोव्यात आणले आणि १२ जानेवारी १६७६ रोजी जाहीर शिक्षेच्या मिरवणुकीतून नेऊन गलबतावर वल्ही मारण्याची शिक्षा सुनावली. सुटका झाल्यावर १६८७ साली त्याने सगळी हकीकत छापली. त्यात तो लिहितो की नोव्हेंबर-डिसेंबरात रोज सकाळी छळ होणाऱ्यांच्या किंकाळ्या त्याला कोठडीत ऐकू येत. कोणाच्या ते दिसत नसे. भिंतीपलीकडून फक्त आवाज.

हे लोक कोण होते? रथावरच्या देखाव्यात याचा मागमूस नव्हता म्हणून लिहितो. इन्क्विझिशनचा अधिकार मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्यांवर चालायचा. म्हणजे कोठड्यांत होते ते बव्हंशी ख्रिस्ती झालेले आपलेच गोंयकार, ज्यांच्यावर जुन्या चालीरीती सोडल्या नाहीत असा आरोप होता. १७३६च्या फर्मानात काय काय बंद केले होते बघा. दारात तुळस लावायची नाही, धोतर आणि चोळी घालायची नाही, भात मीठ न घालता शिजवायचा नाही. एखाद्या म्हातारीने सवयीने अळणी भात रांधला तर शेजारीण चुगली करू शकत होती आणि चुगली करणारी कोण हे त्या म्हातारीला कधीच कळू दिले जात नसे. दोन शतकांत सोळा हजारांहून अधिक खटले चालले. ज्या कुटुंबांनी हे सोसले त्यांतल्या कित्येकांचे वंशज आज आपल्या वाड्यावरचे ख्रिस्ती शेजारी आहेत. रथावर काळा झगा बघून लोकांनी आरोळ्या दिल्या तेव्हा माझ्या शेजारी आमचे मिंगेलबाब उभे होते. ते काही बोलले नाहीत, हळूच मागे सरून निघून गेले. मला ते फार लागले.

आणि छळ काय परक्यांनीच आणला? आपल्या मराठीत ‘दिव्य करणे’ म्हणतो, तो शब्द कुठून आला? पेशवाईपर्यंत खरे-खोटे ठरवायला उकळत्या तेला-तुपात हात घालून धातूचा तुकडा बाहेर काढायला लावत, त्याला रव्याचे दिव्य म्हणत. हात भाजला तर खोटा. खोड्यात घालणे, चरकात पिळणे, तिखटाची धुरी देणे हे वाक्प्रचार आपण सहज बोलून जातो, पण भाषा ते हवेतून उचलत नाही. इंग्रजी अमलातल्या मद्रास इलाख्यात शेतसारा वसूल करायला काय चालायचे याची चौकशी करून एका आयोगाने १८५५ साली अहवाल दिला. त्यात ‘किट्टी’ नावाचे साधन आहे, दोन काठ्या एका टोकाला जोडलेल्या, मध्ये बोटे घालून लिंबासारखी दाबायची. ‘अनुंदल’ म्हणजे माणसाला वाकवून त्याचे डोके त्याच्याच पायांशी दोरीने बांधायचे आणि उन्हात ठेवायचे. करणारे इथलेच शिपाई, कारभारी. सारा मात्र कंपनीच्या तिजोरीत.

आमच्या गोव्यात या यादीत आणखी एक साधन होते, आणि ते शाळेतही असायचे. पालमातोरी. मूठ असलेली जाड लाकडी गोल फळी, काहींना भोके पाडलेली. मास्तर ती हातावर मारायचा. पोर्तुगीज पोलिसांनी तीच स्वातंत्र्यसैनिकांच्या तळहातांवर आणि तळपायांवर चालवली. अस्नोड्याचे बाला राया मापारी फेब्रुवारी १९५५ मध्ये पोलिसांच्या मारहाणीत गेले, गोवा मुक्तिलढ्याचे पहिले हुतात्मे म्हणून आपण त्यांचे नाव घेतो. त्या काळातल्या काझिमिरो मोंतेरो या पोलीस अधिकाऱ्याचे नाव अजून जुनी माणसे दबक्या आवाजात काढतात. हाच मोंतेरो पुढे १९६५ साली पोर्तुगालच्या सालाझार राजवटीचे विरोधक जनरल देल्गादो यांच्या खुनात होता. माझ्या मोठ्या काकांना १९५५ मध्ये सहा दिवस ठेवून सोडले. पत्रके वाटल्याचा संशय होता, वाटली होती दुसऱ्याने. मी तेव्हा अगदी लहान पोर. मला आठवतात ते त्यांचे हात. मूठ पुरती मिटायची नाही. घरात आदोळीवर नारळ खवायचा तर वाटी हातातून निसटायची. काकू काही न बोलता वाटी उचलून स्वतः खवायला बसायची. काका त्या वेळी नेहमी बाहेर सोप्यावर जाऊन बसायचे.

असे हात बघत वाढलेला मी. आता माझी गोष्ट.

१९८६चा जुलै. गोवा अजून केंद्रशासित. मी तेव्हा ज्या आरोग्य केंद्रात होतो तिथे संध्याकाळी, दिवे गेलेले असताना, दोन पोलीस शिपाई एका पोराला घेऊन आले. वय बावीस-तेवीस, धंद्याने पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा. एका देवळातली पितळेची समई चोरीला गेली होती आणि आदल्या दिवशी हा देवळाच्या कुळागरात माडांवर चढला होता, एवढाच संशयाचा धागा. दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टापुढे उभे करायचे होते, त्यासाठी डॉक्टरचा दाखला हवा होता.

तो अनवाणी होता. दारापासून माझ्या टेबलापर्यंत सात-आठ पावले. ती त्याने पायाच्या बाहेरच्या कडांवर टाकली, तापलेल्या वाळूवरून चालल्यासारखी. ते मी कंदिलाच्या उजेडात स्पष्ट पाहिले. मी विचारले, "कितें जालें रे पांयांक?" उत्तर शिपायाने दिले, "दोतोर, खळ्यार निसरलो तो." पोराने माझ्याकडे बघितले आणि मान खाली घातली. मी त्याचा रक्तदाब घेतला, छाती तपासली, सदरा वर करून पाठ बघितली. पाठ स्वच्छ होती. शिपायांना बाहेर जा म्हणालो नाही. त्याला बाकावर निजवून तळवे बघितले नाहीत. छापील कागदावर ‘बाहेरून दिसणारी इजा नाही’ ही ओळ होती, तिच्याखाली सही केली. पाच मिनिटांचे काम. बाहेर पावसात बाळंतपणाची बाई येऊन थांबली होती, मला घाई होती, हेही खरे. पण घाईमुळे मी तळवे बघितले नाहीत हे खरे नाही. बघितले असते तर लिहावे लागले असते, म्हणून बघितले नाहीत.

तळपायावर मारण्याची पद्धत जगभर आहे, कारण तिथली कातडी जाड असते, वळ उठत नाहीत, आठ दिवसांत सूज ओसरते. आत मात्र टाचेखाली चरबीची एक गादी असते, बारीक बारीक कप्प्यांत बांधलेली, जिच्या जोरावर आपण चालताना हाड जमिनीला टेकत नाही. काठीच्या माराने ते कप्पे फुटतात आणि गादी पसरते. एक्स-रेत काही दिसत नाही. पुढे जन्मभर प्रत्येक पाऊल दगडावर पडल्यासारखे लागते. हे मला त्या दिवशीही ठाऊक होते.

पोराने पहिल्याच रात्री कबुली दिली होती. एवढेच नाही, समई कुठे आहे म्हणून विचारल्यावर त्याने तीन मित्रांची नावे घेतली, एकामागून एक, प्रत्येक वेळी थोडा वेळ मार थांबावा म्हणून. त्यांतल्या दोघांनाही उचलले. समई कोणाकडेच निघाली नाही. अडीच-तीन महिन्यांनी दुसऱ्या तालुक्यात देवळे फोडणारी एक टोळी सापडली, तिच्या मुद्देमालात ती समई होती. पोरे सुटली. मला ही सगळी हकीकत त्याच्या आईने सांगितली, मधुमेहाच्या गोळ्यांसाठी ती यायची. माझ्याविरुद्ध एक शब्द ती बोलली नाही. ‘दोतोर, तो आता माडार चडूंक शकना’, एवढेच म्हणाली. माडाला तळव्यांनी मिठी मारून चढतात, दोर नुसता साथीला असतो. पुढे कोणाच्या गाड्यावर सोड्याच्या बाटल्या धुवायला तो राहिला.

मी कुठे तक्रार केली नाही. आज वयाची पंचाहत्तरी जवळ आली, तेव्हा हे लिहितो आहे.

म्हणून तो इन्क्विझिशनच्या वैद्याचा मजकूर वाचून मी पुस्तक मिटले होते. मी छळ केला नाही, त्यानेही केला नसेल. तो कोपऱ्यात उभा होता, मी टेबलामागे बसलो होतो.

आता जे लोक म्हणतात की थोडा हात उचलल्याशिवाय पोलिसांचे काम चालत नाही, त्यांच्याशी मला बोलायचे आहे. आमच्या संध्याकाळच्या कट्ट्यावरही हे बोलतात, चांगली, शिकलेली माणसे. त्यांचा हुकमी प्रश्न असतो, बाजारात बॉम्ब ठेवलाय, तासाभरात फुटणार, पकडलेल्याला ठाऊक आहे, मग काय करशील? मी त्यांना उलट विचारतो, त्याला ठाऊक आहे हे तुम्हाला कसे ठाऊक? समईच्या बाबतीतही पोलिसांना खात्रीच होती. जेवढी घाई अधिक तेवढे खोटे उत्तर उपयोगी, कारण ते तपासून बघेपर्यंत मार थांबतो. इटलीतल्या बेक्कारिया या विचारवंताने १७६४ सालीच लिहून ठेवले आहे की छळाने दणकट गुन्हेगार सुटतो आणि दुबळा निरपराध अडकतो. त्यानंतर युरोपातले एकेक राज्य छळ कायद्यातून काढत गेले.

आणि हे काही शंभर-दोनशे वर्षांपूर्वीचेच नाही. २००१ साली अफगाणिस्तानाच्या लढाईत इब्न अल-शेख अल-लिबी नावाचा माणूस पकडला गेला, त्याला अमेरिकेने इजिप्तच्या हवाली केले. तिथे छळ झाल्यावर त्याने सांगितले की इराकने अल-कायदाच्या माणसांना रासायनिक शस्त्रांचे शिक्षण दिले. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांत ते सगळ्या जगापुढे मांडले. पुढे त्याने ती जबानी मागे घेतली, मार टाळायला बनवून सांगितल्याचे म्हणाला. तोवर युद्ध होऊन गेले होते. अबू झुबैदा नावाच्या दुसऱ्या कैद्याच्या तोंडावर कापड टाकून त्र्याऐंशी वेळा पाणी ओतले. स्पॅनिश इन्क्विझिशनमध्ये हेच होते, कापड आणि घागरीतले पाणी, त्याला ‘तोका’ म्हणत. अमेरिकेच्या माणसांनी हे केले तेव्हाही वैद्यकीय माणसे हजर होती.

लंडनच्या टॉवर या तुरुंगात १६०५ साली संसद उडवण्याच्या कटातल्या गाय फॉक्सला ताणण्याच्या बाकावर घातले. त्याची छळाआधीची आणि नंतरची सही जपून ठेवली आहे. मी त्यांची छायाचित्रे पाहिली आहेत. आधीची सही ठसठशीत, नंतरची म्हणजे कागदावर मुंगी शाईत बुडून चालत गेल्यासारखी. कबुलीखाली ती सही आहे म्हणून कबुली खरी मानली गेली. डॉक्टर म्हणून मला त्या दुसऱ्या सहीत मनगट दिसते.

आपल्या कायद्यात काय नाही? १८७२च्या पुरावा कायद्यातच लिहिले होते की पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात चालणार नाही. आता नव्या साक्ष अधिनियमातही ते कलम आहे. लिहिणाऱ्यांना कबुली कशी मिळते हे पक्के ठाऊक होते. पण त्यात एक फट ठेवली आहे. कबुलीमुळे एखादी वस्तू हाती लागली तर तेवढा भाग पुरावा म्हणून चालतो. म्हणून मुद्देमाल कुठे आहे हे काढण्यासाठी मार असतो. कबुलीसाठी दुखापत केली तर सात वर्षांपर्यंत कैद, हेही दंड संहितेत पूर्वीपासून आहे. सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सांगितले की अटकेच्या वेळी अंगावरच्या खुणा नोंदवून आरोपी आणि पोलीस दोघांच्या सह्या घ्या आणि कोठडीत असेतो दर ४८ तासांनी डॉक्टरकडून तपासणी करा. २०२० साली प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आदेश झाला. त्याच वर्षी जूनमध्ये तामिळनाडूत सातानकुलमला मोबाईलचे दुकान चालवणारे बाप-लेक कोठडीत मार खाऊन गेले. मारानंतर त्यांना डॉक्टरपुढे नेले होते आणि डॉक्टरने ‘फिट’ असा दाखला दिला होता. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप आली नाही.

छळाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार संयुक्त राष्ट्रांनी १० डिसेंबर १९८४ रोजी मंजूर केला. त्यात स्पष्ट आहे की युद्ध असो, आणीबाणी असो, छळाला कोणतीही सबब चालणार नाही. भारताने त्यावर १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली, पण करार अजून कायम केलेला नाही, म्हणजे तो पाळायचे बंधन पत्करलेले नाही. लोकसभेने ६ मे २०१० रोजी छळ प्रतिबंधक विधेयक मंजूर केले, राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवले, समितीने सुधारून दिले आणि मग ते तसेच बारगळले. २०१७ मध्ये विधी आयोगाने आपल्या २७३व्या अहवालात पुन्हा सांगितले की करार कायम करा, कायदा करा. गोव्यातून जे खासदार दिल्लीला जातात त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की हा प्रश्न एकदा तरी सभागृहात विचारा. मुक्तिलढ्यातल्या हुतात्म्यांना दरवर्षी फुले वाहतो ना आपण.

बाकी मागणे आरोग्य खात्याकडे आहे आणि ते अगदी साधे आहे. आरोपीला तपासताना पोलीस खोलीबाहेर राहिले पाहिजेत, दिसतील पण ऐकू जाणार नाही इतके लांब. नव्या डॉक्टरांना पहिल्याच महिन्यात तळवे, खांदे आणि कानाचे पडदे तपासायला शिकवा, कारण खुणा न ठेवता मारायच्या जागा त्याच. जागतिक वैद्यक संघटनेने १९७५ साली टोकियोत ठराव केला की डॉक्टर छळात कोणत्याही प्रकारे सामील होणार नाही, त्याकडे डोळेझाकही करणार नाही. आम्हाला शिकताना हे कोणी सांगितले नव्हते. छळाच्या खुणा कशा नोंदवायच्या याची संयुक्त राष्ट्रांची ‘इस्तंबूल नियमावली’ १९९९ पासून आहे, तिचे चार पानी मराठी-कोंकणी रूप प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावता येईल. आणि जो तरुण डॉक्टर खरे लिहील त्याची पुढच्या आठवड्यात बदली होऊ नये. मला तेव्हा हीच भीती होती.

चित्ररथ करणाऱ्या मंडळाच्या पोरांकडे मी गेल्या रविवारी गेलो होतो. त्यांनी चहा दिला, तासभर ऐकून घेतले. एकाने विचारले, "पण काका, नुसता दोर दाखवला तर लोक बघतील का?" मी म्हटले, बघतील. आमच्या विहिरीवर पंप बसून वीस वर्षे झाली, जुनी लाकडी कप्पी माळ्यावर पडून आहे, ती घेऊन जा. खाली टेबल मांडा, त्यावर दौत आणि कागद ठेवा. कारकून दाखवा. कोपऱ्यात वैद्य दाखवा, तोंड दुसरीकडे केलेला. पोरांनी कप्पी नेली आहे.

पत्राखाली माझे नाव छापू नये ही विनंती. मला लपायचे नाही. पण नाव छापले तर ते आरोग्य केंद्र ओळखले जाईल आणि त्या केंद्रावरून तो माणूस. त्याची मुले आता गावातच कामधंद्याला लागली आहेत आणि वडिलांचे पाय कशाने गेले हे त्याने त्यांना सांगितलेले नाही.

आपला,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी,
फोंडा